मामाचं बटण

सन २००२ मध्ये मी एकसष्ट वर्षांचा होतो. दात सगळे जागेवर होते, चष्मा फक्त वाचायला लागायचा, आणि परदेशीपुऱ्यापासून स्नेहलतागंजपर्यंत मी रोज सायकलने जात होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक मला उगाच म्हाताऱ्यांत काढतात.

शिक्षण चौथी. सगळी उमर गेली कापडाच्या मिलमध्ये, मागांच्या खात्यात. मागाला आम्ही साचा म्हणायचो आणि तो चालवणाऱ्याला साचेवाला. मी तिथे जॉबर होतो. जॉबर म्हणजे काय ते आता फोड करून सांगावं लागतं. साचा बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. आणि कुणाला कुठला साचा द्यायचा, गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्या बदलीवाल्याला आज काम आहे का घरी परत जायचंय, हे ठरवणाराही तोच. मी खात्यात शिरलो की बिड्या विझायच्या. त्याचा मला आनंद होता, खोटं कशाला बोलू.

मग देशात नवं धोरण आलं. आता सगळं खुलं होणार असं पेपरात आलं आणि आमचं गेट बंद झालं. बंद होण्याआधीची काही वर्षं तर अशी गेली की कापूस यायचा नाही, पण भोंगा वेळेवर वाजायचा. आम्ही जायचं, हजेरी लावायची, साच्यांवरची धूळ बघत बसायचं आणि पाळी सुटली की घरी यायचं. बाकी शिस्त एकदम कडक होती.

मिल गेल्यावर माझ्याबरोबरचे निम्मे लोक वॉचमन झाले. ज्यांना मी साचे वाटले त्यांच्या हातात शिट्ट्या आल्या. हे बघून मी परदेशीपुऱ्याच्या चौकात, चहाच्या ठेल्यावर, चार लोकांत बोलून बसलो की मी कुणाच्या दाराबाहेर बसणार नाही. मनात ठरवलं असतं तर मोडता आलं असतं. चौकात बोललेलं मोडता येत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा कॉम्प्युटर शिकला होता. स्नेहलतागंजात एका स्टेशनरीच्या दुकानावर तीन खोल्या घेऊन त्याने कंपनी काढली होती. कापडाच्या व्यापाऱ्यांना बिलं बनवायचा प्रोग्राम तो विकायचा. कापड विणणाऱ्यांचं गाव कापड विकणाऱ्यांचं झालं होतं आणि विकणाऱ्यांना बिल हाताने लिहायचा कंटाळा होता, तेव्हा धंदा बरा चालला होता. बहिणीने त्याला सांगितलं, मामाला लावून घे. त्याने लावून घेतलं. चाव्या, पाणी, लाइट गेली की जनरेटर, आणि बसायला दाराबाहेर एक स्टूल.

मी एक दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.

बहिणीने भाच्याला घरी पाठवलं. त्याने माझ्यासमोर बसून चहा संपवला आणि म्हणाला, "मामा, आत बसा हो, माझी काय ना आहे? पण आत बसून करणार काय?"

अडचण खरी होती. आत सगळे बोटांनी काम करत होते आणि माझी बोटं पाना धरणारी.

पण आत काय चालतं ते मी त्या एका दिवसात पाणी देता-देता बघून घेतलं होतं. त्यांचा प्रोग्राम रोज कुठे ना कुठे बंद पडायचा. व्यापारी फोन करून ओरडायचा. पोरं ती खोट एका दुसऱ्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवायची. म्हणजे एक प्रोग्राम बिलं बनवणारा, आणि दुसरा त्याच्या खोटी सांभाळणारा. खोटीला ते बग म्हणायचे. प्रत्येक बगाला नंबर, कुणी दुरुस्त करायचा त्याचं नाव, आणि झाला की तोच पोरगा त्याच्यापुढे लिहायचा की झाला. मी भाच्याला म्हटलं, हे काय आहे, ज्याने दुरुस्त केलं तोच म्हणणार झालं म्हणून?

मग त्याला आमच्या खात्याचा दस्तूर सांगितला. साचा दुरुस्त केला तरी जॉबरने तोंडाने 'झाला' म्हणायचं नाही. साचेवाल्याने साचा चालू करायचा, वीतभर कापड निघू द्यायचं, त्यावर बोटं फिरवायची आणि मान हलवायची. त्याची मान हलली की मगच जॉबर पुढच्या साच्याकडे.

भाच्याला हे फार आवडलं. शिकलेल्या माणसांना मिलमधल्या गोष्टी आवडतात, मिल बंद झाल्यावर तर जास्तच. त्याने पोरांना बसवून खोटींच्या प्रोग्राममध्ये एक पायरी वाढवली. दुरुस्ती झाली की तक्रारवाल्या व्यापाऱ्याला फोन करायचा. तो चालतंय म्हणाला तर हिरवं बटण दाबायचं, बग बंद. नाही म्हणाला तर लाल, बग परत उघडा आणि पोरगा परत कामाला. आणि हा फोन कोण करणार? पोरांना तर वेळ नव्हता.

अशी मला खुर्ची मिळाली. आतल्या खोलीत, खिडकीजवळ, फोनसकट आणि स्क्रीनसकट. ऑफिसात त्याला 'मामा का बटन' म्हणायचे. मला राग नव्हता. चौकात मी कॉम्प्युटरमध्ये आहे असं सांगायचो, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

काम मी मन लावून केलं. व्यापाऱ्याला फोन लावायचा, आधी तब्येत विचारायची, दुकानाची गर्दी विचारायची, घरात लग्नबिग्न असेल तर त्याची चौकशी करायची, आणि मग विचारायचं, क्यों भिया, अपना प्रोग्राम चल रिया हे ना? तिकडून उत्तर यायचं, हओ दादा, एकदम बढ़िया. मी हिरवं दाबायचो. लोक म्हणायचे, दादा, आपका फोन आता है तो अच्छा लगता है. कुणाला वाईट वाटायचं कारणच नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं तेव्हा भाच्याने एक मॅनेजर ठेवली. मुलगी परदेशीपुऱ्याचीच, आणि तिचा बाप आमच्याच मिलमध्ये, माझ्याच खात्यात साचेवाला होता. मला बरं वाटलं. घरचंच माणूस आलं म्हटलं. ऑफिसात सगळे मला मामा म्हणायचे, ती एकटी काका म्हणायची, आणि येता-जाता वाकून नमस्कार करायची. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्याच सुमारास मी एका लग्नासाठी उज्जैनला गेलो. चार दिवस राहिलो असेन. परत आलो तर ऑफिसात तोंडं उतरलेली. झालं होतं असं, की दुरुस्त झालेले सगळे बग माझ्या बटणाची वाट बघत उघडेच पडून होते. तेवढ्यात बाहेरगावचा एक मोठा व्यापारी प्रोग्राम घ्यायच्या विचाराने आला, त्याने स्क्रीनवर ती लांबलचक रांग बघितली आणि चहा पिऊन निघून गेला.

मॅनेजरने मीटिंग बोलावली. भाचा, ती, पोरं आणि मी. तिने शांतपणे सांगितलं, की ही पायरी काढून टाकावी. काकांशिवाय ती कुणी वापरत नाही, आणि काका सुट्टीवर गेले की सगळं अडतं. मी म्हटलं, मग सुट्टी घेणार नाही. पोरं हसली. ती हसली नाही. ती म्हणाली, बटण सुरू झाल्यापासूनचं सगळं तिने काढून बघितलंय. हिरवं बटण सगळीकडे दाबलेलं आहे. लाल एकदाही नाही.

"म्हणजे पोरं काम चोख करतात," मी म्हटलं. "त्यात माझा काय गुन्हा?"

पोरांनी टेबल वाजवलं.

"मग बटण कशाला हवं, काका?" ती म्हणाली.

मी मिलच्या मॅनेजमेंटसमोर बसलेला माणूस आहे. तिथे तासतासभर भाषणं चालायची आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. एवढा छोटा प्रश्न मला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. मी भाच्याकडे वळलो आणि सांगितलं, बटण गेलं तर मी पण गेलो समज. बाहेरच्या स्टुलावर मी बसणार नाही, नुसता आत बसून चहा पिणार नाही, सरळ घरी बसेन. तुझ्या आईला काय सांगायचं ते तू बघ.

हा शेवटचा मुद्दा चांगला लागला. माझी बहीण घरात अजून जुनंच धोरण चालवते.

दोन-तीन दिवसांनी भाचा माझ्या खुर्चीपाशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामा, बटण राहील." मी वर बघितलं तर तो खिडकीबाहेर बघत होता.

जिंकलो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी पोहे-जलेबी घेऊन गेलो, वर शेव वेगळी. पोरांनी ताव मारला. मॅनेजरने पोहे घेतले, जलेबी नको म्हणाली. हरलेल्या माणसाला गोड जात नाही, असं मी मनात म्हटलं आणि तिची जलेबी पण खाल्ली.

पण ते लाल बटण डोक्यातून जाईना. एकदाही नाही म्हणजे काय? एक तरी व्यापारी नाही म्हणाला की मी लाल दाबून तिला दाखवणार होतो, बघ, यासाठी असतं हे. मी फोनवर जरा वेगळं विचारू लागलो. भिया, कुछ गड़बड़ हो तो खुलके बताओ. तर व्यापारी उलट माझीच समजूत काढायचे. अरे नी दादा, आप टेंशन मत लो.

शेवटी कापड मार्केटमधला एक सापडला. त्याचा प्रोग्राम अर्धा मीटर खायचा. साडेतीन मीटर कापड लिहिलं की बिलावर तीन छापून यायचं. पोरांनी दुरुस्त केल्याचं लिहिलं होतं. मी फोन लावला, तब्येत विचारली, आणि खोदून खोदून विचारलं. तेव्हा तो मोकळा झाला. मग म्हणाला, "दादा, आप बुजुर्ग आदमी हो, आपसे क्या झूठ बोलूँ. नी चल रिया. पिछली बार भी नी चल रिया था. पर आपने इत्ते प्यार से पूछा था तो बोल दिया के चल रिया हे."

त्यातलं पहिलं मी ऐकलं. पुढचं ऐकू आलं नाही असं धरलं. "अभी के अभी दिखवाता हूँ," असं त्याला सांगितलं, फोन ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि लाल बटण दाबलं.

दाबताना हाताला जे वाटलं ते सांगता येणार नाही. आत गेलं, बाहेर आलं, रंग थोडा बदलला. मी मागे वळून बघितलं. आता ज्याने तो बग दुरुस्त केला तो पोरगा उठणार, डोकं खाजवणार, कामाला लागणार.

कुणी हललं नाही. पोरं कचोरी खात होती. मी स्क्रीनकडे बघितलं, तर तो बग बंदच दिसत होता. परत दाबलं. बंदच. जेवणानंतर परत दाबलं. आमच्या साच्यात आडवा धागा तुटला की साचा आपोआप थांबायचा. थांबला नाही तर तो धाग्याशिवाय नुसताच खडखडत राहतो, आवाज तोच, कापड काही नाही. हे ओळखायला जॉबरला डोळे लागत नाहीत.

शेजारच्या पोराला विचारलं. तो एरवी माझ्याशी चांगलं मराठी बोलायचा. आता म्हणाला, "मामा, वो सर्व्हर थोड़ा स्लो है." आणि त्याचे कान लाल झाले.

मॅनेजरने तिच्या टेबलावरून हे बघितलं असावं. ती आली, पोराला उठवलं आणि त्याच्या खुर्चीवर बसली.

"काका, ते बटण कशालाच जोडलेलं नाही," ती म्हणाली. "आम्ही ते सगळीकडून काढलं. फक्त तुमच्या स्क्रीनवर चित्र ठेवलंय. तुम्ही पोहे आणलेत तेव्हा काढलेलंच होतं. मी सरांना म्हटलं होतं, त्यांना सांगा. सर म्हणाले, राहू दे, त्यात आपलं काय जातं."

मला भाच्याचा राग आला, पोरांचा आला, पण बोललो तिलाच, कारण खरं तिने सांगितलं होतं. म्हटलं, "तुझा बाप माझ्या खात्यात होता. घरी जाऊन त्याला विचार. त्याची मान हलल्याशिवाय मी कधी साच्यापासून हललो का?"

"बाबा सांगतात ना. पण काका, त्यांनी मान हलवली नाही असं कधी झालं?"

मी आठवून बघितलं. "नाही झालं. माझं काम चोख होतं."

"चोख होतं, बाबाही म्हणतात. पण साचे वाटायचे तुम्ही, बदल्या द्यायचे तुम्ही. तुमच्या तोंडावर नाही कोण म्हणणार होतं? तुम्ही पुढे गेलात की जे राहिलं असेल ते बाबा स्वतः करून घ्यायचे. पाना लपवून ठेवलेला होता त्यांनी, साच्याखाली, चिंध्यांत गुंडाळून."

साचेवाल्याने पाना ठेवणं नियमाविरुद्ध होतं. साच्याला हात लावायचा तो जॉबरने.

"हे तेव्हा माझ्या कानावर आलं असतं तर मी त्याला घरी बसवला असता," मी म्हटलं.

"म्हणूनच नाही आलं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मला अजूनही वाटतं की तिच्या बापाने तिला जरा वाढवून सांगितलं असणार. मुलींसमोर बाप असं करतात. साचे माझ्या हातून नीट चालायचे, दहा लोक सांगतील. आता ते दहाही साचेवालेच आहेत, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात भाचा धावत आला. कुणीतरी त्याला आत जाऊन सांगितलं होतं. म्हणाला, मामा, खुर्ची कुठे जातेय, बसा की आरामात, बटण पण राहू दे. त्याच्या मनात वाईट नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू बस, आणि माझ्याकडे असलेल्या ऑफिसच्या चाव्या टेबलावर ठेवून खाली उतरलो. सायकलला किल्ली लावताना बघितलं तर तो वर खिडकीत उभा, बहुधा आईला काय सांगायचं याचा विचार करत.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "त्यात एवढं काय? मिलमध्ये शेवटी शेवटी नुसतं बसूनच तर यायचात. तेव्हा कधी रागावून लवकर घरी नाही आलात."

मी म्हटलं, तेव्हा आपण बसलोय हे सगळ्यांना माहीत होतं. इथे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. तिने मान हलवली. त्या दिवशी मला कुणीही मान हलवलेली आवडत नव्हती.

माझ्यापुढे आता दोनच गोष्टी राहिल्या होत्या. एक, जाऊन त्या मेलेल्या बटणासमोर बसायचं आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. दोन, घरी बसायचं आणि चौकात काहीतरी सांगायचं. दोन्हींत बायकोला फरक दिसत नव्हता. मला दिसत होता, पण एकही धड वाटत नव्हती. आणि मध्येच तो कापडवाला आठवायचा. त्याचा अर्धा मीटर अजून जातच होता. 'अभी के अभी' असं त्याला मी सांगितलं होतं. सर्व्हरने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि ऑफिसकडे न वळता कापड मार्केटला गेलो. त्याचं शटर नुकतंच वर गेलं होतं, नोकर गादीवर पांढरी चादर घालत होता. मला बघून मालक घाबरला. त्याला वाटलं मी भांडायला आलो. अरे दादा, मेरे मुँह से निकल गया, आप बैठो, चाय मँगाता हूँ. म्हटलं, चहा नंतर. आधी साडेतीन मीटरचं बिल बनव. त्याने बनवलं. मी त्याच्या मागे उभा राहून बघितलं. तीन आलं. परत बनवायला लावलं. तीनच आलं, आणि या वेळी खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. मी त्याचा फोन जवळ ओढला आणि ऑफिसचा नंबर फिरवला. मॅनेजरनेच उचलला आणि गिऱ्हाइकांशी बोलायच्या आवाजात नमस्कार म्हणाली. मी म्हटलं, कापड मार्केटमधून बोलतोय, तुमचा प्रोग्राम चालत नाहीये. तिने माझा आवाज ओळखला असणार. तरी कुठल्याही दुकानदाराला विचारते तसंच तिने विचारलं, स्क्रीनवर काय लिहून आलंय, वाचून दाखवता का? इंग्रजीची मोठी अक्षरं मला येतात, मिलच्या गाठींवर छापलेली असायची. मी खिशातून चष्मा काढला, दुकानदाराला जरा सरक म्हटलं, आणि एकेक अक्षर वाचायला लागलो.